उद्यमबागचा पगार: घरावर मजला चढवावा की गावाबाहेर प्लॉट घ्यावा?

सीएनसी_अनगोळ
नमस्कार मंडळी. आजवर नुसतं वाचत होतो, आता विचारायची पाळी आली. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका मशीनशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. हातात २६ हजार, ओव्हरटाइम धरून कधी ३०. बायको घरात शिलाई करते, लग्नसराईत बरं सुटतंय. दोन पोरं आणि आई. घर आपलंच, अनगोळात ३० बाय ४० च्या जागेत, फक्त खालचा मजला. पोस्टाची आरडी, पिग्मी आणि यंदा उचललेली भिशी मिळून ९ लाखांच्या आसपास जमलेत.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, येळ्ळूर रोडच्या बाजूला दोन गुंठे जागा, एजंट रोज फोन करतोय. दोन, कर्ज काढून टूबीएचके फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा. तीन, घरावर मजला चढवून दोन बिऱ्हाडं ठेवायची. आई म्हणते सोनं घे आणि गप बस. शॉपमधले सगळे म्हणतात प्लॉट, प्लॉट, प्लॉट. पगारावर पोरांचं शिक्षण होईल, पण पन्नाशीनंतर मशीनपुढं उभं राहायचं होईल असं वाटत नाही, म्हणून महिन्याला काहीतरी येत राहावं एवढीच इच्छा. काय करू?

वडगाव_माग
वरचा मजला. दुसरं काय विचारूलालाय?

एसआयपी_जिंदाबाद
चौथी वाट का नाही? शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात टाका, ना भाडेकरू, ना गळणारी गच्ची, ना सबरजिस्ट्रार ऑफिसची लाईन.

वडगाव_माग
आले बघा. धागा कुठलाही असू दे, हे हजर.

कोथरूडचा_बेळगावकर
फ्लॅटबद्दल मी बोलतो, कारण माझा आहे. २०१९ साली हनुमाननगरच्या बाजूला टूबीएचके घेतला, ३८ लाखांना. मी पुण्यात नोकरीला, म्हटलं गावात काहीतरी असावं. भाडं १२ हजार येतं. मेंटेनन्स दीड हजार मी भरतो. भाडेकरू बदलताना महिना-दोन महिने रिकामा जातो, एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, रंग माझ्या खर्चाने. वर्षाला हातात लाखभर उरतात. म्हणजे घातलेल्या पैशावर पावणेतीन टक्के. आता लोक म्हणतात त्याचे ५० झाले. झाले असतील, पण ५० ला घेणारा माणूस अजून दारात आलेला नाही.

तुमच्या पगाराला आज ४८ लाखांचा फ्लॅट म्हणजे काय ते बघा. ३६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी धरलं तर हप्ता ३१ हजारांच्या वर. पगार २६. बँकच देणार नाही, आणि दिलं तर घेऊ नका. शिवाय नोंदणीचा खर्च. कर्नाटकात नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस १ टक्क्याची २ टक्के झाली. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे सेस धरून साडेसात टक्क्यांच्या वर जातं. ४८ लाखांवर साडेतीन लाखांहून जास्त, म्हणजे तुमच्या जमलेल्या पैशातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नुसतं कागदाला.

सीएनसी_अनगोळ
फ्लॅट कट. धन्यवाद दादा.

सुभेदार_खानापूर
प्लॉटवाल्या एजंटला एकच विचारा, कागद काय देणार? नमुना ९ आणि ११, म्हणजे पंचायतीकडची मंजूर जागेची नोंद, की ११-बी, की नुसता बाँड?

रिटायर झाल्यावर हातात एकरकमी पैसा येतो हे या लोकांना आपल्या आधी कळतं. आमच्या पलटणीतल्या एकाला असंच गाठलं. एकाच सर्व्हे नंबरातल्या शेतात दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे, मध्ये चुन्यानं रस्ता आखलेला, कोपऱ्यात पाण्याची टाकी रंगवून ठेवलेली. रक्कम घेतली आणि शंभराच्या बाँडवर नोटरी करून दिली. उताऱ्यावर आजही शेतकऱ्याचंच नाव. त्या शेतकऱ्याच्या मुलानं उद्या दुसऱ्याला रजिस्टर करून दिलं तर याच्या हातात काय? बाँड. नोंदणी नसलेल्या कागदानं मालकी येत नाही.

येळ्ळूरचे_मास्तर
सुभेदारांचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. आमच्या शिवारातली जागा म्हणून जास्तच.

आपल्याकडचा उतारा म्हणजे आरटीसी, तो मोबाइलवर कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवर कुणालाही बघता येतो. सगळे फक्त नाव बघतात. कॉलम ९ मध्ये मालकाचं नाव आणि क्षेत्र, ते ठीक. कॉलम १० मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली, वारसानं, खरेदीनं की वाटणीनं, आणि त्या फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढून वाचा. आणि कॉलम ११. तिथं बोजा असतो. सोसायटीचं पीककर्ज, कोर्टाचा मनाई हुकूम, भूसंपादनाची नोंद, सगळं तिथं. हलगा-मच्छे बायपाससाठी शेतकरी किती वर्षं कोर्टकचेऱ्या करत आहेत हे आपण बघतोच, रिंगरोडलाही विरोध आहे. या दोन्हींच्या पट्ट्यात येणारा सर्व्हे नंबर एजंट तुम्हाला 'रोड टच, भाव दुप्पट होणार' म्हणून विकणार.

दुसरं. शेतजमीन आता बिगरशेतकऱ्यालाही घेता येते, २०२० साली जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढली. म्हणून लोकांना वाटतं की घेतली आणि घर बांधलं. तसं नाही. बिनशेती करून घ्यावी लागते, त्यानंतर लेआउट मंजूर व्हावा लागतो, मगच तो प्लॉट. ११-बी म्हणजे पंचायतीनं कर घेण्यासाठी केलेली नोंद. बरेच जण कराची पावती दाखवून मालकी सांगतात.

तिसरं, जे कुणी सांगत नाही. बळ्ळारी नाला. अनगोळ, शहापूर, वडगाव, येळ्ळूर या बाजूचं शिवार पावसाळ्यात कुठपर्यंत पाण्याखाली जातं ते जुलैमध्ये येऊन बघा. मार्चमध्ये सगळे प्लॉट छान दिसतात. काळी माती आहे, पायासाठी किती खाली जावं लागतं ते गवंड्याला विचारा.

निपाणीची_लेक
वाचतेय. मास्तरांची पोस्ट वर पिन करा कोणीतरी.

कोथरूडचा_बेळगावकर
मास्तर, मग महाराष्ट्राच्या हद्दीत घेणारे बरेच आहेत की, शिनोळी, चंदगडकडे?

येळ्ळूरचे_मास्तर
तिथं उलटा प्रकार. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. घर किंवा बिनशेती प्लॉट घ्यायला अडचण नाही. नोंदणी फी तिथं ३० हजारांच्या वर जात नाही, आणि बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट. पण शिनोळीत भाडेकरू कोण, एमआयडीसीतला कामगार. तो भाडं किती देणार याचा हिशेब करून जा. नुसतं हद्दीपलीकडे स्वस्त म्हणून जायचं काही कारण नाही.

वडगाव_माग
आता माझं ऐका. आमच्या घरात चार माग होते. साडीला गिऱ्हाईक गेलं, सुताचे भाव वर, पोरं मागावर बसायला तयार न्हाईत. मागं शेड होतं, पत्र्याचं. चारपैकी तीन माग विकले, शेड पाडलं, तिथं खाली दोन आणि वर दोन अशा चार खोल्या काढल्या. प्रत्येकीला स्वतंत्र मोरी, स्वतंत्र संडास, स्वतंत्र मीटर. साडेचार-पाच हजारांनी जातात. एक माग ठेवलाय, बाबांना त्याचा आवाज लागतोय.

जागा विकत घ्यायची नव्हती, म्हणून परवडलं. बाहेर जागा घेऊन बांधायचं म्हटलं असतं तर जन्मभर व्याजच भरत बसलो असतो. सीएनसी दादा, तुमची जागा फुकट हाय, तीच तुमची कमाई. वरचा मजला.

आणि स्वतंत्र मीटर विसरू नका. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या योजनेत २०० युनिटच्या आत ठरवून दिलेल्या युनिटपर्यंत वीज माफ, भाडेकरूला स्वतःच्या आधारवर घेता येते, पण मीटर वेगळा असेल तरच. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं ठेवली की महिन्याला भांडण. भाडेकरू आता खोली बघायच्या आधी मीटर विचारतोय.

एसआयपी_जिंदाबाद
हे पटलं. जागेचे पैसे धरायचे नसतील तर परतावा निराळाच निघतो. पण स्वतःच्या अंगमेहनतीचे पैसे पण धरा की. नळ गळला, तुम्ही पळालात.

वडगाव_माग
पळतो की. फंड पडला की तुम्ही कुठं पळता?

नेहरूनगर_अक्का
मी स्टाफ नर्स आहे. भाडेकरूच्या बाजूनं आणि घरमालकाच्या बाजूनं दोन्हीकडून बघितलंय. आमच्या हॉस्पिटलजवळ नर्सिंगच्या मुली खोल्या शोधत फिरतात, आईवडील सोबत. ते काय बघतात? पाणी किती दिवसांनी येतं, टाकी केवढी, दाराला आतून कडी नीट आहे का, मालकीण घरात असते का. फरशी कसली, फॉल सीलिंग आहे का, हे कोणी विचारत नाही. अनगोळला नर्सिंगच्या मुली येणार नाहीत, लांब पडतं. तिथं उद्यमबागेतला लग्न झालेला कामगार येईल, इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं येतील. मुलं घ्यायची असतील तर वहिनींना आधी विचारा, रात्री एकला गाडी आली की त्यांचीच झोप जाणार.

आणि दादा, एक विचारते. घर तुमचं म्हणालात. कुणाच्या नावावर आहे?

सीएनसी_अनगोळ
बाबांच्या. ते २०१६ ला गेले. घरपट्टी मीच भरतो.

नेहरूनगर_अक्का
बहीण आहे?

सीएनसी_अनगोळ
एक. गडहिंग्लजला दिलीय.

टिळकवाडी_दुसरं_गेट
अक्कांनी मुद्द्याला हात घातला. मी ऑडिटरकडे काम करतो, ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी समोर येतेच.

बाबांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर आई, तुम्ही आणि ताई, तिघांचा सारखा हिस्सा. म्हणजे घर तुमचं एक तृतीयांश. वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा, पण मुलीचा हक्क तिथंही आहे. कर्नाटकानं तो १९९४ लाच दिला होता, केंद्राचा कायदा २००५ चा. लग्न झालं, गाव बदललं, राज्य बदललं, यानं हिस्सा जात नाही.

आता तुम्ही त्यावर लाखो रुपयांचा मजला चढवणार. स्वतंत्र मालकी नसलेल्या जमिनीवर. आज ताई काही म्हणणार नाही. उद्या भाचे म्हणतील. बँकही कर्ज देताना तिघांच्या सह्या मागणार.

म्हणून क्रम असा धरा. बाबांचा मृत्यूदाखला आणि वंशावळ घेऊन महापालिकेत तिघांची नावं लावून घ्या, ई-खाता, म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद, काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय रजिस्ट्री पुढं सरकत नाही. ते झालं की बांधकाम परवाना, मग कर्ज. ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, मागताना १३ वर्षांचा नको, जुन्यापासूनचा घ्या. व्यवहारांच्या नोंदी असलेला १५ नंबरचा नमुना येतो, काहीच नोंद नसेल तर १६ नंबरचा. आणि बांधून झाल्यावर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, घ्या. डिसेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वीज-पाण्याच्या नव्या जोडण्यांना ती मागू लागले होते, तेव्हा वडगावच्या दादांचे ते स्वतंत्र मीटर हवे असतील तर हेस्कॉममध्ये, म्हणजे वीज कंपनीत, आधीच विचारून ठेवा.

सुभेदार_खानापूर
सोपं आहे. बहिणीकडून हक्कसोड घ्या. घरच्या घरात आहे, मुद्रांक ठरावीक लागतो, विक्रीसारखा टक्क्यात नाही. एक साडी-चोळी करा, विषय संपला.

नेहरूनगर_अक्का
सुभेदार काका, राग मानू नका. एक तृतीयांश घराची किंमत साडी-चोळी? तुमच्या पेन्शनचा तिसरा हिस्सा कोणी साडीवर सोडवून घेतला तर चालेल का?

सुभेदार_खानापूर
आमच्यात तशी पद्धत आहे म्हणून लिहिलं. लग्नात दिलेलं असतं की.

निपाणीची_लेक
लग्नात दिलेलं मोजायचं तर भावाच्या शिक्षणाला, गाडीला दिलेलं पण मोजा. माझी सही अशीच घेतली. आई म्हणाली भावाचं घर म्हणजे तुझंच माहेर. आज तिथं माझ्या खोलीत भाडेकरू राहतो आणि त्याचं भाडं किती येतं हे विचारायची पण सोय नाही. सीएनसी दादा, तुम्ही चांगले वाटता म्हणून सांगते. सही घ्यायची तर घ्या, पण तिला आकडा सांगून घ्या.

एसआयपी_जिंदाबाद
+१. धागा प्रॉपर्टीचा होता, पण खरा विषय हाच निघाला.

वडगाव_माग
तुम्ही आणि मी एकमत? आज पाऊस पडणार.

टिळकवाडी_दुसरं_गेट
हक्कसोड हा एकच मार्ग नाही. ताईला सहमालक ठेवून, वरच्या मजल्याचा खर्च कुणी किती केला आणि भाडं कसं वाटायचं, हे लिहून रजिस्टर करता येतं. किंवा तिचा हिस्सा आजच्या किमतीनं धरून रक्कम द्या आणि मग हक्कसोड घ्या. तोंडी काही ठेवू नका.

टॅक्सचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. समजा बिऱ्हाडं महिन्याला सात-सात हजारांनी गेली, म्हणजे दोघांचं वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार धरलं, तर त्यातले ३० टक्के दुरुस्तीसाठी म्हणून सरळ वजा होतात, खर्च दाखवावा लागत नाही. बांधकामाच्या कर्जाचं व्याजही वजा. सीएनसींच्या पगाराला नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागतच नाही, त्यामुळे यांना चिंता नाही. पण कर नसला तरी भाडं दाखवून रिटर्न भरत जा. पुढच्या वेळी कर्जाला गेल्यावर तेच कागद उत्पन्न म्हणून धरतात.

सीएनसी_अनगोळ
दोन दिवस फोन घेतला नव्हता, सगळं आता वाचलं. अक्का, निपाणीच्या ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. ताईचं नाव माझ्या डोक्यातच नव्हतं हे खरं. रविवारी तिला फोन करून सगळे आकडे सांगतो.

तोपर्यंत दुसरं विचारतो. बाबांनी २००४ ला बांधलं तेव्हा वर मजला चढवायचा म्हणून पिलरच्या सळ्या गच्चीवर सोडून ठेवल्यात. वीस वर्षं पावसात गंजून लाल झाल्यात, हातानं खवले निघतात. चालतील काय?

वडगाव_माग
तशाच जोडू नका. वरचा गंजलेला भाग कापायचा, खाली काँक्रीट फोडत चांगली सळई लागेपर्यंत जायचं, तिथून नवी जोडायची. गवंड्यावर सोडू नका, इंजिनिअरला दाखवा. बाबांनी खाली पाया किती खोल घेतलाय ते पण एका कोपऱ्यात खणून बघू दे त्याला. आमच्याकडं अनगोळ-वडगावच्या काळ्या मातीत पाया हलतोय, वर वजन चढलं की भिंतीला तिरकी चीर. आमच्या शेजाऱ्याच्या घराला बोट जाईल एवढी आहे.

येळ्ळूरचे_मास्तर
खर्चाचा अंदाज काय धरलाय?

सीएनसी_अनगोळ
साडेआठशे फूट बांधकाम, एकाने १९०० रुपये फुटाला सांगितलंय. म्हणजे १६ लाख. जिना, टाकी, मीटर धरून साडेसतरा-अठरा. ९ माझ्याकडे, ९ कर्ज. ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी हप्ता ९ हजार शंभर-सव्वाशे बसतो म्हणाले. दोन बिऱ्हाडं सात-सात हजारांनी गेली तर १४.

कोथरूडचा_बेळगावकर
१४ धरू नका, वर्षातले १० महिनेच धरा. बाकी रिकामं, रंग, मोटार, गच्चीची दुरुस्ती. १ लाख ४० हजार आले आणि १ लाख १० हजार हप्त्यात गेले, तरी वर्षाला ३० हजार उरतात. आणि ९ च्या ९ लाख घालू नका हो! घरात आई आहे. दीड-दोन लाख बाजूला ठेवा, कर्ज थोडं जास्त काढा.

नेहरूनगर_अक्का
हे शेवटचं सोन्याच्या अक्षरात लिहा. हॉस्पिटलचं बिल भरायला अर्धवट बांधकाम विकता येत नाही.

सीएनसी_अनगोळ
ताईशी बोललो. आधी तिला वाटलं मी सही मागायलाच फोन केलाय, आवाजच बदलला. आकडे सांगितले तसं मोकळी झाली. ती म्हणते हक्कसोड देणार नाही, पण अडवणार पण नाही. भाऊजींकडे ३ लाख आहेत, ते घालते आणि वरच्या दोनपैकी एका बिऱ्हाडाचं भाडं अर्धं तिला. आई खुश, बायको थोडी गप आहे. हिशेब बरोबर बसतोय काय?

टिळकवाडी_दुसरं_गेट
१८ मध्ये ३ म्हणजे सहावा हिस्सा पैशाचा, आणि जमिनीत तिचा तिसरा हिस्सा वेगळा. एका बिऱ्हाडाचं अर्धं म्हणजे महिन्याला साडेतीन, एकूण भाड्याच्या चौथाई. हप्ता तुम्ही एकटे भरणार असाल तर मला वाजवी वाटतं. कर्ज फिटल्यावर हा वाटा बदलणार की नाही ते आत्ताच लिहा. आणि वहिनी गप आहेत म्हणजे काहीतरी आहे, त्यांच्या शिलाईचे पैसे या ९ लाखांत किती आहेत ते पण मांडा की.

निपाणीची_लेक
🙏

वडगाव_माग
जिना बाहेरून घ्या म्हणजे झालं. आतून घेतला तर भाडेकरू रोज तुमच्या आईच्या खाटेजवळनं जाणार.

सीएनसी_अनगोळ
बाहेरून घेतला तर पुढं सेटबॅक, म्हणजे नियमानं सोडायची मोकळी जागा, सुटत नाही म्हणतोय इंजिनिअर. बाजूला पावणेतीन फूट आहे फक्त.

वडगाव_माग
पावणेतीनमध्ये लोखंडी जिना बसतोय की. कपाट कसं चढवायचं तेवढं भाडेकरूला विचारून घ्या.

टिळकवाडी_दुसरं_गेट
तो पण नकाशात दाखवा हं. मागाहून चिकटवला तर ओसीला तिथंच अडणार.

खानापूर_रोड_७७
याच धाग्यात विचारतो, नंदगडच्या बाजूला काजूची बाग विकायला आहे, ४ एकर, उतारा क्लिअर म्हणतात. घ्यावी काय?

येळ्ळूरचे_मास्तर
कॉलम ११ चा फोटो टाका. आणि नवा धागा काढा.